रिव्हॉल्व्हरच्या ओतीव गोळीसाठी शिसं किती कडक हवं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासात राहणाऱ्या एका वाचकाकडे .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे. त्यात ते बहुतेक वेळा त्यातच चालणारी .३८ स्पेशलची हलकी काडतुसं वापरून कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतात. गोळ्या घरीच ओततात. एका बंद पडलेल्या छापखान्यातून त्यांना ४० पौंड लायनोटाइप, म्हणजे छपाईच्या ओळी ओतायचा मिश्रधातू, मिळालं, आणि छपराच्या कामातलं मऊ पत्र्याचं शिसं १०० पौंड पडून आहे. कडक गोळी नळीत शिसं सोडत नाही, असं ऐकून त्यांनी निव्वळ लायनोटाइपच्या १५८ ग्रेन वजनाच्या गोळ्या ओतल्या, ०.३५७ इंचाला साइझ केल्या, म्हणजे डायमधून दाबून त्या मापाच्या केल्या. पन्नास गोळ्यांतच नळीच्या सुरुवातीच्या भागात शिशाचा थर बसला. आता याहून कडक धातू कोणता, असं ते विचारतात.

याहून कडक काही शोधू नका. तुमची गोळी आहे त्याच्या निम्मी कडक असली तरी पुरे, आणि ती एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाड हवी. प्रश्न धातू निवडण्याचा वाटत असला तरी खरी अडचण मापाची आहे. धातूची निवड त्यानंतर येते.

शिसं नळीला घासून बसतं, अशी सर्वसाधारण समजूत असते. हलक्या काडतुसांत मात्र बहुधा वेगळंच घडतं. गोळी नळीपेक्षा बारीक असली की दारूचा तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो. तो वायू गोळीच्या बाजूचं शिसं कापत, वितळवत पुढे जातो आणि ते नळीच्या थंड पोलादावर जाऊन बसतं. गोळी पुरेशी मऊ असेल तर मागून येणाऱ्या दाबाने तिचा बूड फुगतो, नळीतल्या खाचा भरतो आणि वाट बंद होते. लायनोटाइपची गोळी .३८ स्पेशलच्या दाबाने फुगतच नाही. बारीक आणि वर कडक, असे दोन्ही दोष तुमच्या गोळीत एकत्र आले आहेत.

थर कुठे बसलाय ते पाहिलं की अर्धं निदान होतं. सिलिंडरकडच्या पहिल्या इंच-दीड इंचात बसला असेल तर वायू निसटतोय. नळीच्या पुढच्या तोंडाशी बसला असेल तर गोळीवरचं मेण-ग्रीस वाटेत संपतंय. रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांमधल्या, उंचवट्यांच्या एकाच कडेला लांबवर रेघा दिसल्या तर गोळी आटे न पकडता घसरतेय, म्हणजे त्या वेगाला ती मऊ पडतेय. तुमचं वर्णन सरळ पहिल्या प्रकारात बसतं.

आधी हा थर पूर्ण काढा, नाहीतर पुढची एकही चाचणी खरी ठरणार नाही. जुन्या ब्रशला तांब्याच्या घासणीच्या तारा गुंडाळा आणि कोरड्या नळीत वीस-पंचवीस फेरे मारा. घासणी शुद्ध तांब्याची आहे का ते लोहचुंबकाने तपासा. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी घासणी नळीला ओरखडे पाडते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण नळीत भरायचा सल्ला अनेक जण देतात. तो कृपा करून पाळू नका. त्यातून विरघळणारं लेड ॲसिटेट तयार होतं, आणि ते त्वचेतूनही शरीरात जाऊ शकतं.

आता माप. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीत शिरण्याआधी सिलिंडरच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाच्या, पुढच्या अरुंद भागातून जाते. त्याला थ्रोट म्हणतात. गोळीचं माप आधी त्याने ठरतं आणि नंतर नळीने. सिलिंडर काढून घ्या, सगळे चेंबर रिकामे असल्याची खात्री करा आणि साइझ केलेली गोळी पुढून प्रत्येक थ्रोटमध्ये घाला. आपल्या वजनाने खाली पडली तर ती बारीक आहे. पेन्सिलीने हलकं ढकलल्यावर सरकली तर माप योग्य. हातोडी लागली तर जाड. सहाही चेंबर तपासायचे, कारण एकाच सिलिंडरमध्ये एका थाऊचा फरक सर्रास आढळतो. नेमका आकडा हवा असेल तर मऊ शिशाचा जरा जाड गोळा तेल लावून लाकडी दांड्याने थ्रोटमधून पार करा आणि मायक्रोमीटरने मोजा. कॅलिपरवर भरवसा ठेवू नका. एका थाऊच्या प्रश्नाला एका थाऊने चुकणारं उपकरण कामाचं नाही.

नळीतही असाच गोळा ढकलून पाहा, आणि ढकलताना हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष द्या. नळी जिथे चौकटीत आट्यांनी घट्ट बसवलेली असते तिथे गोळा अचानक अडखळून पुढे पुन्हा सैल झाला, तर त्या जागी नळी आवळली गेली आहे. तिथे गोळी दाबून बारीक होते आणि उरलेल्या नळीत सैल जाते. थ्रोट नळीच्या खाचांपेक्षा लहान असतील तरीही हेच घडतं. अशा रिव्हॉल्व्हरचं दुखणं कोणत्याही मिश्रणाने बरं होत नाही, त्याला जाणकार बंदूक-कारागीर गाठावा लागतो. पाच खाचांच्या नळीतून काढलेला गोळा साध्या मायक्रोमीटरने नीट मोजता येत नाही, कारण खाचेसमोर खाच येत नाही. तेव्हा थ्रोटच्या मापावर विसंबणं बरं.

.३५७ च्या बहुतेक रिव्हॉल्व्हरना ०.३५८ इंचाची गोळी चालते, काहींना ०.३५९ लागते. तुमची ०.३५७ ची साइझिंग डाय हाच पहिला संशयित आहे.

माप ठरलं की कडकपणा. तो आपण ब्रिनेल आकड्यात मोजतो. शुद्ध शिसं सुमारे ५ आणि लायनोटाइप सुमारे २२. ओतकाम करणारे एक ठोकताळा वापरतात: ब्रिनेल आकड्याला १,४४० ने गुणलं की साधारण तेवढ्या पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला गोळीचा बूड फुगतो. अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सामी या संस्थेने .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय ही कमाल मर्यादा घातली आहे. भागाकार केला तर उत्तर १२ च्या आसपास येतं. लायनोटाइपला फुगायला ३१,००० हून जास्त दाब लागेल. तुमची लक्ष्यावरची हलकी काडतुसं तर १७,००० च्याही बरीच खाली असणार. .४५ कोल्टची मर्यादा १४,०००, .४४ स्पेशलची १५,५००, .३५७ मॅग्नमची ३५,००० आणि .४४ मॅग्नमची ३६,०००. या रांगेकडे पाहिलं की एकच मिश्रण सगळीकडे का चालत नाही ते कळतं.

हा ठोकताळा मात्र आंधळेपणाने वापरू नका. ३५,००० ला १,४४० ने भागून मॅग्नमला २४ ची गोळी हवीच, असा त्याचा अर्थ काढू नये. माप चोख असेल, ग्रीस चांगलं असेल, तर १२ ते १५ ची गोळी मॅग्नमच्या मधल्या वेगांतही नळी स्वच्छ ठेवते. आकडा सांगतो तो एवढंच, की गोळी बारीक असली तर ती स्वतः फुगून चूक भरून काढील की नाही.

मग बाजारात विकत मिळणाऱ्या ओतीव गोळ्या एवढ्या कडक का असतात? त्यांतल्या बऱ्याच जणी २ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी आणि ९२ टक्के शिशाच्या असतात, कडकपणा १५-१६. कारण सरळ आहे. त्या यंत्रावर भराभर ओतल्या जातात, खोक्यात एकमेकींवर आपटत हजार मैल जातात, तरी त्यांच्या कडा शाबूत राहाव्या लागतात. म्हणजे ही सोय कारखान्याची. तुमच्या गोळ्यांना तळघरातल्या बाकापासून रेंजपर्यंतच जायचं आहे.

आता मिश्रणातला कोण काय करतो ते पाहू. कथील ओतताना कामाला येतं. त्याने वितळलेल्या धातूचा पृष्ठताण कमी होतो, आणि साच्याचे बारीक कोपरे, ग्रीसच्या खाचांच्या कडा, बुडाची धार हे सगळं नीट भरतं. कल्हईवाला तापल्या भांड्यावर कथील फिरवतो तेव्हा ते कसं पसरतं, हे ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना ही गोष्ट वेगळी समजवायला नको. पण कथील महाग आहे आणि दीड-दोन टक्क्यांच्या पुढे त्याचा फारसा फायदा मिळत नाही. कडकपणा येतो तो अँटिमनीने. त्याच्यासोबत ठिसूळपणाही येतो. कथील अँटिमनीपेक्षा जास्त होऊ देऊ नये. बरोबरीने किंवा कमी असलं की दोघं एकमेकांना धरून राहतात. तिसरा घटक आर्सेनिक. ते पाव टक्क्याच्या आसपास असलं तर साच्यातून गरम गोळी थेट पाण्यात टाकून तिचा कडकपणा वीसपर्यंत नेता येतो. नुसत्या शिसे-कथिलाच्या गोळीवर पाण्याचा असा परिणाम होत नाही.

लायनोटाइप म्हणजे ४ टक्के कथील, १२ टक्के अँटिमनी आणि ८४ टक्के शिसं. हे प्रमाण छपाईच्या गरजेतून आलं. ओटमार मर्गेन्थालर यांचं यंत्र १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये सुरू झालं तेव्हापासून या यंत्राला ओळच्या ओळ धातूत ओतून क्षणात घट्ट हवी असे. हे मिश्रण सुमारे २४० अंश सेल्सियसला, मधली लापशीसारखी अवस्था न येता, एकदम गोठतं. आपल्याकडे हाताने जुळवायच्या खिळ्यांचा धातूही याच कुळातला, फक्त झीज सोसावी म्हणून त्यात अँटिमनी आणखी जास्त. हे सांगायचं कारण, छापखान्यातून आलेलं सगळंच लायनोटाइप नसतं. मोनोटाइपमध्ये कथील ९ आणि अँटिमनी १९ टक्क्यांपर्यंत जातं. सुटी अक्षरं दिसली तर ती वेगळी ठेवा. सलग ओळींच्या पट्ट्या असतील तर ते लायनोटाइप.

तुमचे ४० पौंड हे भाजीतल्या मिठासारखे वापरायचे. एक भाग लायनोटाइप आणि तीन भाग मऊ शिसं घेतलं की १ टक्का कथील, ३ टक्के अँटिमनी, ९६ टक्के शिसं असं मिश्रण होतं. कडकपणाचा अंदाज काढायला एक सोपं सूत्र आहे: ८.६ मध्ये कथिलाच्या टक्क्यांची ०.२९ पट आणि अँटिमनीच्या टक्क्यांची ०.९२ पट मिळवायची. इथे ८.६ + ०.२९ + २.७६, म्हणजे साडेअकरा-बारा. (शुद्ध शिशाला हे सूत्र लागू पडत नाही, ते ५ लाच असतं. थोडी भेसळ असलेल्या शिशापासून पुढे ते बऱ्यापैकी जुळतं.) गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या जुन्या क्लिपच्या शिशाच्या वजनांचा, म्हणजे व्हील वेटचा, कडकपणाही असाच असे, आणि अमेरिकेतल्या हौशी ओतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच धातूवर गेल्या.

२० पौंडांच्या हिशेबाने ५ पौंड लायनोटाइप आणि १५ पौंड मऊ शिसं. कथील एकच टक्का होतं, त्यामुळे साचा नीट भरत नसेल तर ३ औंस, म्हणजे ८५-९० ग्रॅम, कथील वरून घाला. ते दोन टक्क्यांजवळ जातं. नळकामाच्या दुकानात शिसेविरहित डाखाची तार मिळते. तिच्यावर ९५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असं लिहिलेलं असेल तर ती उत्तम. एका पौंडाच्या रिळात असे पाच घाणे निघतात. चांदी किंवा तांबं असलेली तारही चालते, पण उगीच महाग पडते. मात्र साचा भरत नाही म्हणून लगेच कथिलाकडे धाव घेऊ नका. गोळीवर सुरकुत्या येतात तेव्हा बहुतेक वेळा साचा थंड असतो किंवा त्यावर तेल राहिलेलं असतं. साचा तापल्यावरही बुडाची धार गोलसर राहत असेल तरच कथील कमी आहे असं समजा. गोळी पांढुरकी, दवासारखी दिसली तर साचा जास्त तापलाय. ती गोळी वापरायला हरकत नाही.

लायनोटाइप आणि मऊ शिसं निम्मं-निम्मं केलं तर २ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी होतं, म्हणजे वर सांगितलेलं बाजारातल्या गोळीचं मिश्रण, कडकपणा पंधराच्या जवळ. पूर्ण ताकदीची .३५७ मॅग्नम भरायची असतील तर हे घ्या, आणि साचा बुडाला तांब्याची चकती, म्हणजे गॅस चेक, बसवण्याजोगा असेल तर ती बसवा. गॅस चेक असेल तर खरं तर एकास तीनचं मिश्रणही मॅग्नमला पुरतं. माझ्या मते तुम्ही एकास तीनचंच एक मिश्रण पक्कं करावं. .३८ ला ते नेमकं बसतं, मॅग्नमलाही ओढून नेतं, आणि तुमचं लायनोटाइप ४० पौंडांचं १६० पौंड होतं. त्याला १२० पौंड मऊ शिसं लागेल, तुमच्याकडे १०० आहे, एवढाच हिशेब जुळवायचा.

इथे एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. लायनोटाइप गोठताना कमी आकसतं. मऊ मिश्रण जास्त आकसतं. म्हणजे त्याच साच्यातून नव्या मिश्रणाची गोळी अर्धा-एक थाऊ बारीक आणि काही ग्रेन जड पडेल. साच्यावर १५८ लिहिलेलं असलं तरी तो आकडा उत्पादकाने धरलेल्या मिश्रणापुरता असतो. तेव्हा साइझ करण्याआधी, साच्यातून पडलेली थंड गोळी मोजा. ती ०.३५९ भरली तर ०.३५८ ची डाय आणा आणि कामाला लागा. ०.३५७५ भरली तर डाय बदलून उपयोग नाही, कारण डाय गोळीला बारीक करते, जाड करत नाही. मग साचा घासून मोठा करणं, दुसरा घेणं, किंवा गोळीला पावडर कोटिंग करणं असे मार्ग राहतात. कोटिंगने व्यास थाऊ-दीड थाऊ वाढतो. पण ते २०० अंश सेल्सियसला वीसेक मिनिटं भाजावं लागतं, आणि आधी पाण्यात टाकून आणलेला कडकपणा त्या भट्टीत निघून जातो.

आणखी एक जागा आहे जिथे गोळी नकळत बारीक होते: पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच. पुंगळीचं तोंड पुरेसं उघडलं नाही, किंवा शेवटच्या टप्प्यावर काडतुसाला बाहेरून आवळणारी कार्बाइड डाय वापरली, की मऊ गोळी आतल्या आत दाबली जाते. एक दारू-प्रायमर नसलेलं नकली काडतूस बनवा, हातोडीसारख्या पुलरने गोळी बाहेर काढा आणि बुडाजवळ मोजा. आत जाताना ०.३५८ आणि बाहेर येताना ०.३५६५, असं आढळलं तर कितीही चांगलं मिश्रण केलं तरी नळीत थर बसणारच. तांब्याच्या जॅकेटच्या गोळीसाठी बनवलेला एक्सपांडर, म्हणजे पुंगळीचं तोंड उघडणारा दांडा, बारीक असतो. ओतीव गोळीसाठी थाऊ-दोन थाऊ जाड एक्सपांडर घ्यावा.

मिश्रण करण्यासाठी ओतायचं भांडं वापरू नका. जाड पोलादाचं किंवा बिडाचं वेगळं भांडं, प्रोपेनची शेगडी, पळी आणि लगडींचा साचा घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, त्या तापमानाला ते कमजोर होतं आणि वीस पौंड वितळलेलं शिसं पायावर येऊ शकतं. आधी मऊ शिसं वितळवा, ते ३२७ अंशांना वितळतं. मग लायनोटाइप घाला. शुद्ध अँटिमनी वितळायला ६३० अंश लागतात, पण इथे ते आधीच विरघळलेलं आहे, म्हणून छापखान्याच्या धातूने हे काम इतकं सोपं होतं. ३६०-३७० अंशांवर स्थिर करून लाकडाचा कोरडा भुसा मूठभर टाका, तो जळून काळा होईपर्यंत ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडा. भुशाचा कार्बन कथिलाचं ऑक्साइड परत धातूत आणतो. नवे लोक इथे एक मोठी चूक करतात. भांडं पूर्ण तापण्याआधी वर राखाडी लापशीसारखा थर येतो, तो मळी समजून ते काढून फेकतात. त्यात कथील आणि अँटिमनीच जास्त असतं. पूर्ण तापू द्या, ढवळा, आणि वर उरलेली कोरडी, भुकटीसारखी राख तेवढी काढा. ४०० अंशांच्या वर नेऊ नका, तिथे कथील भराभर जळतं.

लगडी भरताना एका भांड्यातल्या सगळ्या लगडींवर एकच खूण करा: तारीख आणि १:३. महिन्याभराने सगळ्या लगडी सारख्याच दिसतात.

पुढे शिसं कमी पडलं की भंगार शोधाल, तेव्हा जस्ताला जपा. कॅलिफोर्नियात २०१० पासून आणि वॉशिंग्टन राज्यात २०११ पासून शिशाच्या व्हील वेटवर बंदी आहे, त्यामुळे टायरवाल्याच्या बादलीत आता लोखंडी आणि जस्ताची वजनं मिसळलेली असतात. लोखंडी वजनांवर बहुधा एफई आणि जस्ताच्या वजनांवर झेडएन असे ठसे असतात. ठसा नसेल तर कटर पक्कडीने चावून पाहा. शिसं सहज दबतं, जस्त दाद देत नाही. फरशीवर टाकलं तर शिसं थप्प वाजतं, जस्त खणखणतं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून भांडं ३५०-३६० वर ठेवलं तर चुकून गेलेला तुकडा न वितळता तरंगतो आणि काढता येतो. विरघळला की धातू दह्यासारखा होतो आणि साचा भरत नाही. संशयित लगडीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर जस्त आहे. चिकटपट्टीची व्हील वेटं जवळजवळ शुद्ध शिशाची असतात, ती तुमच्या मऊ शिशात मिसळा. रेंजवरून जमवलेल्या भंगारात एखादं न उडालेलं काडतूस असू शकतं. प्रत्येक मूठ चाळल्याशिवाय भांड्यात टाकू नका. आणि गाडीच्या बॅटरीतलं शिसं कधीच नको. त्यातल्या आर्सेनिक आणि अँटिमनीपासून आर्सिन आणि स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात. स्वस्त शिशासाठी जिवाशी खेळू नये.

कडकपणा तपासायला महाग यंत्र असलंच पाहिजे असं नाही. चित्रकलेच्या पेन्सिलींचा ६बी पासून ४एच पर्यंतचा संच घ्या. लाकूड सोलून शिस सपाट, चौकोनी टोकाचं करा, पंचेचाळीस अंशात धरून लगडीवर पुढे ढकला. ज्या पेन्सिलीने धातू खरवडला जातो तिची नोंद करा. आधी तुमच्या मऊ शिशावर आणि निव्वळ लायनोटाइपवर करून पाहा, म्हणजे दोन टोकं हाताशी येतात. मग नवीन मिश्रण मध्ये कुठे बसतं ते कळतं. एवढं लक्षात ठेवा की अँटिमनीची गोळी ओतल्यावर पंधरा-वीस दिवस हळूहळू कडक होत राहते. ओतल्या दिवशीचा आकडा खरा धरू नका.

शिकारीचा विषय तुम्ही काढला नाहीत, तरी कुणी विचारेल म्हणून सांगतो. पोकळ टोकाच्या गोळीला अँटिमनी घातक असतं. टोक फुलण्याऐवजी तुटतं. तिथे २० भाग शिसं आणि १ भाग कथील, कडकपणा १० च्या जवळ, हे मिश्रण चांगलं. तुमचं मऊ शिसं त्यासाठी थोडं बाजूला ठेवता येईल. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे, मग त्या कितीही सुबक ओतलेल्या असोत.

शिशाच्या विषारीपणाबद्दल. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फार थोडी होते. खरा धोका मळीच्या बारीक भुकटीचा आणि हातावरून तोंडात जाणाऱ्या शिशाचा आहे. उघड्यावर किंवा दार उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावून काम करा. तिथे चहा नाही, तंबाखू नाही, फोन चेहऱ्याला लावणं नाही. मळी झाकणाच्या डब्यात ठेवा. कपडे वेगळे धुवा, बूट घरात आणू नका. घरात लहान मूल असेल तर तळघरात ओतूच नका, बाहेर ओता. मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष ठेवण्याची पातळी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे. तुम्ही स्वतः वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. पाणी हा दुसरा शत्रू. वितळलेल्या शिशावर पडलेला थेंब चरचरून उडून जातो, पण ओलसर लगड धातूच्या खाली गेली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळं भांडं तोंडावर उडतं. प्रत्येक लगड आधी भांड्याच्या काठावर तापवून घ्या. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे आणि बंद बूट घाला.

हे सगळं अमेरिकेतल्या कायद्याच्या चौकटीत आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला केंद्रीय परवाना लागत नाही. भरलेली काडतुसं विकायचा धंदा करायचा तर लागतो. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात ही मुभा येत नाही.

आता तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. नळी घासून स्वच्छ करा आणि सहाही थ्रोट मोजा. मग २० पौंडांचा एकच घाणा १:३ चा करा, साच्यातून पडलेली गोळी मोजा आणि त्यावरून डाय ठरवा. पन्नास गोळ्या तीन आठवडे ठेवून द्या. तुमच्या नेहमीच्या .३८ च्या दारूचं प्रमाण गोळीच्या नव्या वजनानुसार काडतुसं भरण्याच्या पुस्तकात पुन्हा तपासा आणि खालच्या टोकापासून सुरू करा. दहा गोळ्या झाडल्या की सिलिंडर उघडून कोरडं पांढरं फडकं नळीतून काढा आणि उजेडात धरून पाहा. राखाडी-काळा डाग आला तर ती दारूची काजळी आणि ग्रीस आहे, पुढच्या चाळीस गोळ्या झाडा. फडक्यावर चकचकीत चंदेरी कपटे आले तर तिथेच थांबा, नकली काडतुसातली गोळी काढून पुन्हा मोजा आणि आलेला आकडा थ्रोटच्या मापासोबत इथे लिहून पाठवा.